हृदय बंद पडल्यावरची पहिली दहा मिनिटं : नाशिकमधल्या सोसायट्या आणि सकाळी फिरणाऱ्या ग्रुपसाठी मार्गदर्शक

चालता-बोलता माणूस अचानक कोसळतो. कोणीतरी १०८ लावतं. गाडी लगेच निघाली असं धरलं, तरी द्वारका नाहीतर मुंबई नाक्याची गर्दी ओलांडून तिला आपल्या गेटपर्यंत यायला काही मिनिटं लागणारच. इकडे हृदय थांबल्यापासून चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला सुरुवात होते. कोणी छाती दाबली नाही आणि यंत्राने दिलेला विजेचा शॉकही मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. म्हणून पहिली दहा मिनिटं शेजाऱ्यांची असतात, आणि त्यांची तयारी आधीच करून ठेवावी लागते.

आमच्या सोसायटीत आणि सकाळच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या ग्रुपमध्ये ही तयारी उभी करताना माहिती दहा ठिकाणांहून गोळा करावी लागली. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना तेवढं फिरावं लागू नये म्हणून सगळं इथे क्रमाने लिहितो आहे.

१. आधी ओळखायला शिका

हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींत करायचं कामही वेगळं आहे. अटॅक आलेला माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो. छातीवर दडपण, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ, आणि तोंडाने मात्र "ॲसिडिटी झालीये, सोडा आणा". त्याला चालवू नका, जिने चढू-उतरू देऊ नका. टेकून बसवा आणि १०८ लावा. त्याची छाती दाबायची नाही.

हृदय बंद पडलेला माणूस बेशुद्ध असतो आणि नीट श्वास घेत नसतो. दोन्ही खांद्यांवर जोरात थोपटा, मोठ्याने हाक मारा, छाती हलते का ते बघा. या सगळ्याला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ नको. नाडी शोधत बसू नका. घाबरलेल्या हाताला स्वतःचीच नाडी लागते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती घरघरीने. हृदय थांबल्यावरही कित्येकदा पहिली काही मिनिटं माणूस मधूनच आचके देतो, घशातून आवाज येतो, तोंड माशासारखं उघडतं-मिटतं. जमलेले लोक म्हणतात, "श्वास चालू आहे, थांबा." तो श्वास नसतो, त्याने शरीराला प्राणवायू मिळत नाही. असे आचके दिसले आणि माणूस हाकेला ओ देत नसेल, तर हृदय बंद पडलंय असंच धरून लगेच कामाला लागा.

आपल्याकडे ऊर्ध्व लागला की तोंडात गंगेचं पाणी आणि तुळशीचं पान ठेवायची रीत आहे. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या अखेरच्या घटकेला ते ठीक आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ट्रॅकवर अचानक कोसळलेल्या पन्नाशीच्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जातं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर, गोळी, काहीही घालायचं नाही.

दुसरी फसगत झटक्यांची. हृदय थांबताक्षणी काही जणांना काही सेकंद फिट आल्यासारखे झटके येतात. मग कांदा आणा, चप्पल हुंगवा, हातात किल्ल्या द्या असा गोंधळ सुरू होतो. झटके थांबले की ताबडतोब श्वास बघा. नसेल तर छाती दाबायला लागा.

२. १०८ वर पत्ता कसा सांगायचा

१०८ ची ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिचं कॉल सेंटर पुण्यात आहे. फोन उचलणाऱ्याला आपला चौक माहीत असेल असं गृहीत धरू नका. पंचवटी पुण्यातही आहे. सिडको छत्रपती संभाजीनगरमध्येही आहे आणि गंगापूर नावाचा तालुकाही त्याच जिल्ह्यात आहे. इंदिरानगर तर गावोगाव असतं. म्हणून पत्ता नेहमी मोठ्याकडून लहानाकडे सांगा : जिल्हा नाशिक, नाशिक शहर, मग भाग, मग मोठी खूण, मग सोसायटीचं नाव आणि मजला. राहता नाशिक रोडला असाल तर "नाशिक रोड" हे दोन्ही शब्द ठासून म्हणा.

आमच्याकडे हे वाक्य छापून लिफ्टच्या बाजूला आणि वॉचमनच्या टेबलावर चिकटवलेलं आहे. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा मजला आठवत नाही. त्याच्यासमोर लिहिलेलं असलं की तो वाचतो.

फोन स्पीकरवर ठेवा. "माणूस बेशुद्ध आहे, श्वास नाही, आम्ही छाती दाबतोय" हे पहिल्याच वाक्यात येऊ द्या. समोरून सांगितल्याशिवाय फोन ठेवू नका. १०८ लागत नसेल तर ११२ लावा. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलची स्वतःची रुग्णवाहिका असेल तर तिचा नंबरही त्याच कागदावर असू द्या, पण तो आधी एकदा लावून बघा. जुने, बंद पडलेले नंबर लिहिलेल्या याद्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

३. छाती दाबणं

सर्वसामान्य माणसासाठी भारतातल्या भूलतज्ज्ञांनी २०१७ मध्ये एक सोपी पद्धत ठरवून दिली. तिला कॉल्स (COLS) म्हणतात. तिच्यात तोंडाने श्वास देणं नाही, फक्त छाती दाबायची. अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायला लोक कचरतात आणि त्या नादात काहीच करत नाहीत, हे पाहता हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाच्या रक्तात सुरुवातीची काही मिनिटं पुरेल इतका प्राणवायू असतो. ते रक्त मेंदूपर्यंत पोचवणं एवढंच आपलं काम.

माणसाला कडक जमिनीवर उताणं झोपवा. पलंगावर असेल तर चादरीसकट खाली ओढा, कारण गादीवर दाबलं तर गादीच दबते. त्याच्या कुशीला गुडघे टेकून बसा. एका तळव्याचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर ठेवा, त्यावर दुसरा हात, बोटं एकमेकांत गुंतवलेली. कोपर ताठ. खांदे बरोबर हातांच्या वर. जोर दंडाचा लावू नका, कमरेपासून पुढे झुकून अंगाचं वजन टाका.

खोली ५ ते ६ सेंटीमीटर. वेग मिनिटाला १०० ते १२०. कॉल्समध्ये १२० शिकवतात. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, पण तळवा उचलू नका. अर्धवट वर आलेल्या छातीत रक्त परत भरत नाही, आणि दमलेला माणूस नकळत समोरच्यावर रेलतो तेव्हा नेमकं हेच होतं.

मध्ये थांबायचं नाही. याचं कारण हापशीवरून चटकन कळतं : पाणी यायला आधी पाच-सहा दांडे मारावे लागतात, आणि हात सोडला की पाणी परत खाली जातं. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतला दाबही असाच हळूहळू चढतो आणि थांबलं की लगेच पडतो. "बघू बरं, आला का श्वास" म्हणत दर अर्ध्या मिनिटाला थांबलं तर आधीची सगळी मेहनत वाया जाते.

बरगडी मोडल्याचा आवाज येऊ शकतो. हात जागेवर आहे ना, तेवढं बघा आणि दाबत राहा. मोडलेली बरगडी जुळते.

दर दोन मिनिटांनी माणूस बदला, दाबणारा "मी ठीक आहे" म्हणाला तरी. एखाद्या मिनिटानंतर दाब उथळ व्हायला लागतो आणि दाबणाऱ्याला ते जाणवतही नाही. नवा माणूस समोरच्या बाजूला आधीच गुडघे टेकून तयार असावा, म्हणजे बदल दोन-तीन सेकंदांत होतो. आमच्या सरावात ढोल पथकातली मुलं यात सगळ्यात पुढे निघाली. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिकटिक करणारं ॲप) ११० ला लावून दिला, की त्यांचा वेग शेवटपर्यंत हलत नव्हता. ज्येष्ठांना वेग सांभाळायला "एक आणि दोन आणि तीन" असं मोठ्याने मोजणं सोपं गेलं.

कधी थांबायचं? माणूस हलला, डोळे उघडले, नीट श्वास घ्यायला लागला. किंवा रुग्णवाहिकेतल्या लोकांनी ताबा घेतला. किंवा तुमच्यातला शेवटचा माणूसही थकून गेला, तर.

आता या वेळी हमखास कानावर पडणारे सल्ले. "जोरजोरात खोकायला सांगा" हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज दुर्लक्षित करा. बेशुद्ध माणूस खोकत नाही. "जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवा" हेही नको. थांबलेलं हृदय त्याने सुरू होत नाही, आणि ती गोळी रक्तदाब उतरवते.

आणि सगळ्यात घातक सल्ला : "उचला, रिक्षात घाला." त्यामागची कळकळ खरी असते, म्हणूनच त्याला विरोध करणं अवघड जातं. पण बघा, तिसऱ्या मजल्यावरून चादरीच्या झोळीत माणूस उतरवायचा, जिन्याच्या वळणावर अडायचं, रिक्षात दुमडून बसवायचा, पुढे सिग्नल. एवढा सगळा वेळ छातीवर एकही दाब नाही. जिथे पडला तिथेच दाबत राहा आणि गाडी त्याच्यापर्यंत येऊ द्या. रुग्णवाहिका मिळणारच नाही हे नक्की झालं तरच दुसरं वाहन. तेही दारात उभं, मागची सीट पाडलेली, जिना मोकळा झालेला, मगच उचला. चालत्या गाडीत नीट दाबणं जवळपास अशक्य असतं, हे लक्षात ठेवून.

४. शिकायचं कुठे

व्हिडिओ बघून कळतं, पण हाताला येत नाही. पाच सेंटीमीटर म्हणजे किती जोर, हे सरावाच्या पुतळ्यावर दाबल्याशिवाय समजत नाही. पहिल्यांदा दाबणारे बहुतेक सगळे फार हळुवार दाबतात.

आयएमएच्या (डॉक्टरांच्या संघटनेच्या) नाशिक शाखेकडे आणि आपल्या ओळखीच्या भूलतज्ज्ञांकडे विचारणा करा. भूलतज्ज्ञ या विषयात मनापासून रस घेतात. १६ ऑक्टोबरला जगभर हृदय पुन्हा सुरू करण्याच्या प्रशिक्षणाचा दिवस पाळतात. सातपूर किंवा अंबडला कारखान्यात असाल तर एचआरला सांगा : २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे प्रथमोपचार पेटी प्रमाणपत्रधारक माणसाच्या ताब्यात असावी लागे, आणि त्यासाठी सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं प्रशिक्षण बरेच जण घेतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा कोर्सही करता येतो, त्याचं कार्ड दोन वर्षं चालतं. सोसायटीतल्या सगळ्यांना त्याची गरज नाही.

बोलावण्याआधी तीन प्रश्न विचारा. किती माणसांमागे एक पुतळा? प्रत्येकाला सलग दोन मिनिटं दाबायला मिळेल का? सरावाचं एईडी (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र) आणणार का? हॉलमध्ये दीडशे लोक, स्टेजवर एक पुतळा, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो, असे कार्यक्रम होतात. त्यातून कुणाच्या हाताला काही लागत नाही. वीस माणसं आणि चार पुतळे यांत खरं काम होतं.

तुमच्याकडून लागेल ते एवढंच : सहभागींची नावं आणि मोबाइल नंबर, सोसायटीच्या लेटरहेडवर विनंतीपत्र, सतरंज्या किंवा योगा मॅट आणि मोकळी फरशी. गुडघे दुखणाऱ्यांनाही बोलवा. त्यांना दाबता आलं नाही तरी फोन आणि गेट त्यांच्याकडे देता येतं.

हे कौशल्य काही महिन्यांतच विसरायला होतं. तीन-चार महिन्यांनी अर्ध्या तासाची उजळणी ठेवा. पुतळा नसेल तर घट्ट उशी जमिनीवर ठेवून निदान वेग आणि माणूस बदलणं तरी घोटा.

एवढं करून फरक पडतो का, असं सभेत कोणीतरी विचारतंच. डेन्मार्कचं उदाहरण द्या. तिथे २००५ पासून शाळेत आणि २००६ पासून ड्रायव्हिंग लायसन्स काढताना हे प्रशिक्षण सक्तीचं केलं. २००१ मध्ये हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी २१ टक्के लोकांची छाती जवळच्या माणसाने दाबली होती. २०१० पर्यंत ते प्रमाण ४५ टक्क्यांवर गेलं. तीस दिवसांनंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ३.५ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर आलं. त्या काळात तिथे इतरही सुधारणा झाल्या, पण जवळच्या माणसाचे हात हा त्यातला मोठा भाग.

हेच आकडे दुसरंही सांगतात : सगळं नीट करूनही बहुतेक माणसं वाचत नाहीत. आपल्या गटाला हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगा. नाहीतर पहिल्या घटनेनंतर दाबणारा आयुष्यभर स्वतःला दोष देत राहतो.

५. इमारतीची तयारी

सहा-सात जणांचा गट करा आणि कामं नावानिशी वाटा. दोघं-तिघं दाबणारे. एक फोनवर. एक एईडी आणणारा. एक गेटवर. गेटवरच्याचं काम लोक क्षुल्लक समजतात, पण मिनिटं तिथेच गळतात : रात्री कुलूप लावलेलं गेट, वाटेत आडवी लावलेली कार, कुठल्या विंगला जायचं हे न कळणारा ड्रायव्हर. हा माणूस टॉर्च घेऊन मुख्य रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहील, दुसरा कोणी लिफ्ट खाली धरून ठेवेल. आपल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, हे आजच टेप लावून बघा.

दुपारी कर्ती मंडळी घरात नसतात. म्हणून गटात गृहिणी, निवृत्त मंडळी आणि वॉचमनदादा हवेतच. आमच्या वॉचमनदादांइतका स्थिर हात आख्ख्या गटात कुणाचा नाही.

२०२७ च्या सिंहस्थ पर्वणीच्या दिवसांत पंचवटी, जुनं नाशिक, रामकुंड परिसरात रस्ते बंद असतील आणि गाड्यांना वळसा पडेल. त्या भागातल्या मंडळांनी आणि धर्मशाळांनी हा गट आत्तापासून बांधायला घ्यावा.

प्रत्येक घरात एक पाकीट तयार असू द्या. त्यात :

- चालू औषधांची यादी, ॲलर्जी असल्यास तीही
- जुना ईसीजी, इकोचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड
- आधार कार्ड आणि रेशन कार्डची प्रत (महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी लागते)
- मेडिक्लेम असेल तर त्याचं कार्ड
- जवळचं चोवीस तास कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) चालू असलेलं हॉस्पिटल कोणतं, ते लिहिलेला कागद

६. एईडी घ्यायचं ठरलं तर

अचानक बंद पडलेल्या बऱ्याच हृदयांत सुरुवातीला नुसती थरथर चालू असते. ती मोडून ठोका पूर्ववत करायचा तर विजेचा शॉकच लागतो. एईडी हे यंत्र स्वतः ठोका तपासतं आणि गरज असेल तरच शॉक देतं. चालू करा, ते बोलून सांगतं तसं करा. अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये साधे सुरक्षारक्षक हे यंत्र चालवायला शिकले. सन २००० मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला : डोळ्यांदेखत कोसळलेल्यांपैकी ज्यांना तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला, त्यातले ७४ टक्के वाचले, उशीर झाला त्यांच्यात ४९ टक्के.

किंमत लाखाच्या घरात जाते. त्यामुळे विषय सर्वसाधारण सभेतच जातो, आणि ती सभा ३० सप्टेंबरच्या आत असते, तेव्हा पावसाळ्यातच तयारी करा. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी मिळून घेतलं तर खर्च हलका होतो, पण यंत्र चालत जाऊन-येऊन तीन मिनिटांच्या आत हवं. सोबत लागणारी कागदपत्रं : सभेचा ठराव, निदान तीन कोटेशन, विक्रेत्याकडून वैद्यकीय उपकरणाच्या परवान्याची प्रत, पक्कं बिल, वॉरंटी कार्ड.

विक्रेत्याला पॅडची आणि बॅटरीची मुदत आणि बदलायची किंमत लेखी विचारा. यंत्र स्वस्त आणि पॅड महाग, किंवा पॅड मिळतच नाहीत, असे प्रकार होतात. सूचना हिंदीत बोलतं का, ते ऐकून बघा.

सेक्रेटरींच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेलं एईडी कोणाच्याच कामाचं नाही. वॉचमनच्या केबिनशेजारी, ऊन-पाऊस न लागणाऱ्या भिंतीवर, चोवीस तास हाती लागेल असं लावा. आठवड्यातून एकदा हिरवा दिवा बघून वहीत सही.

पॅड लावताना छाती उघडीच हवी. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरं डाव्या काखेखाली बरगड्यांवर. घाम पुसा, मंगळसूत्र किंवा साखळी बाजूला सारा. बाई असेल तर लोक संकोचतात आणि तिथेच वेळ जातो. ब्लाउज कापायला पेटीत कात्री ठेवा, बायकांना ओढणी किंवा चादरीचा आडोसा धरायला सांगा आणि पॅड लावा. पॅड लावत असतानाही दुसऱ्याने छाती दाबणं थांबवायचं नाही. यंत्र "दूर व्हा" म्हणेल तेवढ्यापुरतं सगळे दूर, आणि शॉक बसला की लगेच पुन्हा दाब.

७. जिथे श्वासही द्यावा लागतो

गंगेत (म्हणजे गोदावरीत), सोमेश्वरला किंवा गंगापूर धरणात बुडालेल्या माणसाचा प्राणवायू आधीच संपलेला असतो. तिथे नुसती छाती दाबून भागत नाही. पोट दाबून पाणी काढत बसू नका. आधी तोंडाने दोन श्वास, मग ३० दाब, परत दोन श्वास, असं चालू ठेवा. लहान मुलांचंही असंच, कारण त्यांचं हृदय बहुधा श्वास अडल्यामुळे थांबतं. हे पुतळ्यावर वेगळं शिकून घ्या. विजेचा धक्का असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नका.

८. पोलिसांचं लचांड मागे लागेल का?

रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाने आणि मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या कलम १३४-अ ने संरक्षण आहे. घरात किंवा ट्रॅकवर हृदय बंद पडणं त्यात थेट येत नाही. मात्र संमती देऊ न शकणाऱ्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही, असं भारतीय न्याय संहितेचं कलम ३० सांगतं. जुन्या दंड संहितेतही ९२ व्या कलमात हेच होतं.

९. घटना होऊन गेल्यावर

त्याच दिवशी वेळा लिहून काढा : कधी कोसळला, कधी दाबायला घेतलं, शॉक कधी, गाडी कधी आली. एईडीच्या आत ठोक्यांची नोंद असते, ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हवी असू शकते. विक्रेत्याकडून काढून घ्या. दोन-तीन दिवसांत गटाला चहाला एकत्र बसवा. दाबणाऱ्यांना बोलू द्या, विशेषतः माणूस गेला असेल तर. कुठे वेळ गेला तेही तिथेच निघतं : गेटची किल्ली सापडली नाही, लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. ते वहीत लिहून पुढच्या सरावात दुरुस्त करा. एकदा वापरलेले पॅड परत चालत नाहीत, नवी जोडी लगेच मागवा, आणि ती येईपर्यंत पेटीवर "पॅड नाहीत" अशी ठळक पाटी लावून ठेवा.